पीझेडएल पी-११: पंखावरच्या सरी, आणि पाच वर्षांत मागे पडलेलं विमान

साचेवाला (कोल्हापूर)

नमस्कार मंडळी. एक चूक करून बसलोय, त्यातून दोन प्रश्न निघालेत.

१/७२ मापाचं पीझेडएल पी-११सी विमानाचं प्लॅस्टिक मॉडेल जोडतोय. पोलंडचं फायटर, दोन महायुद्धांच्या मधलं. पंख हातात घेतला तर त्यावर पुढून मागे बारीक बारीक सरी. मी दिवसभर शिरोलीला फाउंड्रीत असतो. कास्टिंगवर असल्या रेघा दिसल्या की साच्यात घोळ आहे, एवढंच आमच्या डोक्यात येतं. डावा पंख घासघासून आरशासारखा केला. रात्री खोक्यावरचं चित्र नीट बघितलं, तर चित्रातही सरी! बायको म्हणाली, "पोलिश विमानाला पॉलिश पेपर लावलास, आता बस."

तर पहिला प्रश्न, खऱ्या विमानाला त्या सरी होत्या का आणि कशासाठी? दुसरा जरा मोठा आहे. वाचायला गेलं की दोनच टोकं सापडतात. एक म्हणतो १९३४ चं जगातलं एक नंबर फायटर, दुसरा म्हणतो १९३९ ला जर्मनांनी चेंदामेंदा केला. पाच वर्षांत एवढं काय बिघडलं?

पोलंडच का, तर आजी. लहानपणी ती तिच्या वडिलांबरोबर वळिवड्याच्या कॅम्पात दूध घालायला जायची. आता जिथे गांधीनगर आहे तिथे १९४३ ते ४८ पाचेक हजार पोलिश लोक राहत होते, बहुतेक बायका-पोरं. तिला दोन-चार पोलिश शब्दही यायचे. विमान पूर्ण झालं की तिच्या फोटोशेजारी ठेवायचंय.

इतिहासप्रेमी

एवढं खोलात कशाला जाताय? १ सप्टेंबर १९३९ ला जर्मनांनी हल्ला केला त्या सकाळी पोलंडचं हवाई दल जमिनीवरच खलास झालं. एकही विमान उडालं नाही. जुनाट डबा होता तो. चर्चा संपली.

फिटर आप्पा (नाशिक)

संपली कशी? आत्ता कुठे सुरू झाली.

मी तीस वर्षं विमानांच्या पत्र्यावर काम केलं, इंजिनवाला नव्हे, सांगाड्यावाला. त्यामुळे आधी सरी.

साचेवाल्या, त्या खऱ्या आहेत. पंखाचं कातडं म्हणजे ड्युराल्युमिनचा, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मजबूत मिश्रधातूचा, पातळ पत्रा. पातळ पत्रा सपाट ठेवला तर हवेच्या दाबाने फुगतो, लहरी मारतो. आपल्या छपराचा पत्रा पन्हाळी का असतो? त्याच जाडीत जास्त ताठ राहतो म्हणून. फ्रान्सचा विमान आखणारा विबो, त्याच्या पद्धतीत तीच युक्ती बारीक सरींची केली होती आणि पोलंडने ती उचलली. सरी पुढून मागे, म्हणजे हवा वाहते त्याच दिशेने, त्यामुळे अडथळा कमी. तू घासलास तो विमानाचा कणा होता रे. असो.

पण या विमानाची खरी करामत पंख बसवलाय कसा, त्यात आहे. झिगमुंट पुवाव्स्की नावाचा तरुण इंजिनिअर, जन्म १९०१ चा. पंख वर लावला तर पायलटला वरचं दिसत नाही, खाली लावला तर खालचं. त्याने पंख वरच ठेवला, पण धडाला जिथे मिळतो तिथे त्याला बाक दिला आणि पातळ केला. समोरून बघितलं तर कुरव पक्षी पंख पसरून येतोय असं वाटतं. पायलटचं डोकं बरोबर त्या दोन पातळ मुळांच्या मागे. जगात याला पोलिश पंख म्हणायला लागले. चाकांचे पायही तसेच डोकेबाज. कात्रीसारखे एकमेकांना छेद देणारे, आणि धक्का शोषणारे भाग बाहेर न ठेवता धडाच्या आत. बाहेर जितकं कमी, तितकी हवा कमी अडते. पेट्रोलची टाकीही धडातच, पण आग लागली तर उडतानाच खाली सोडून देता येईल अशी बसवलेली. फिटर म्हणून सांगतो, अशी सोय काढणाऱ्या माणसाला मी चहा पाजला असता.

या पंखाचं पहिलं विमान पी-१, १९२९ मध्ये उडालं. त्याला नाकाशी निमुळतं, पाण्याने थंड होणारं इंजिन होतं, आणि हा सगळा आकार त्याच इंजिनासाठी आखलेला. पण सरकारकडे इंग्लंडच्या ब्रिस्टल कंपनीच्या गोल इंजिनाचा (सिलिंडर वर्तुळात मांडलेलं) परवाना होता. हुकूम आला, गोलच बसवा. बसवलं. त्यातून पी-७ झालं आणि १९३३ पर्यंत पोलंडच्या फायटर तुकड्या पूर्ण धातूच्या, एकपंखी विमानांवर आल्या. असं करणारं ते जगातलं पहिलं हवाई दल. ब्रिटिशांनी ग्लॅडिएटर हे द्विपंखी विमान नवं म्हणून सेवेत घेतलं ते १९३७ ला, हे लक्षात ठेव. 'जगात एक नंबर' म्हणणारा थापा मारत नाही.

पुवाव्स्कीला मात्र यातलं काहीच बघायला मिळालं नाही. मार्च १९३१ मध्ये स्वतः आखलेलं पाण्यावर उतरणारं विमान वॉर्सावर उडवताना तो पडला. वय २९. पी-११ त्याच्या मागे, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये उडालं. पुढचं काम याकिमियुक नावाच्या इंजिनिअरने सांभाळलं.

गोल इंजिनाचा त्रास असा की ते पायलटच्या तोंडासमोर परातीसारखं येतं. म्हणजे ज्या दृष्टीसाठी पंख वाकवला, तीच झाकली गेली. पी-११सी मध्ये इंजिन खाली घेतलं आणि पायलटची बैठक वर उचलली. तुझ्या किटमधलं नाक खाली झुकल्यासारखं दिसतंय ना? ते त्यामुळे. अशी १७५ बनली. त्याआधी ३० पी-११ए पोलंडला आणि ५० पी-११बी रोमानियाला.

आता 'काय बिघडलं'. वेग ताशी ३७५ किलोमीटर. १९३४ ला मस्त. १९३९ ला जर्मनांचं फायटर मेसरश्मिट १०९ ई साडेपाचशेच्या पुढे, आणि नवी बाँबफेकी विमानंसुद्धा चारशेच्या आसपास. ज्याला पाडायचं तोच जर तुझ्यापेक्षा पळत असेल तर पहिल्या झडपेत लागलं तर लागलं. त्यात बहुतेक विमानांवर दोनच मशीनगन. चार असलेली तिसरा हिस्सासुद्धा नसतील.

आणि चीड येते ती इथे. याच विमानाची सुधारलेली बहीण त्याच कारखान्यात बनत होती, पी-२४. चौदा सिलिंडरचं फ्रेंच इंजिन, बंद कॉकपिट, काहींवर २० मिलिमीटरच्या तोफा, वेग चारशेच्या वर. ती गेली कुठे? तुर्कस्तान, ग्रीस, बल्गेरिया, रोमानिया. २ नोव्हेंबर १९४० ला ग्रीक पायलट मित्रालेक्सिस गोळ्या संपल्यावर पी-२४ च्या नाकावरच्या पंख्याने (प्रोपेलरने) इटालियन बाँबरची शेपटी कापतो, शेजारी उतरतो आणि पिस्तूल रोखून वाचलेल्यांना पकडतो. ते हे विमान. घरच्यांनी घेतलं नाही, कारण परवाना ब्रिस्टलच्या इंजिनाचा, आणि अगदी नवं विमान येणारच होतं. पी-५० यास्त्शेंब, म्हणजे ससाणा. ते उडालं फेब्रुवारी १९३९ मध्ये आणि अपेक्षेपेक्षा मंद निघालं. मग धावपळ. फ्रान्सकडे ऑर्डर, इंग्लंडकडे ऑर्डर, काहीच वेळेत पोचलं नाही. ऑगस्ट १९३९ मध्ये काय उडवून बघत होते, माहितीय? पी-११ च्याच सांगाड्यात ब्रिस्टलचंच जास्त ताकदीचं मर्क्युरी इंजिन.

माझ्या नोकरीत एका ठिकाणी हेच बघितलंय. नवीन मशीन येणार म्हणून जुन्याचे सुटे भाग मागवायचे बंद केले. नवीन काही येईना. आम्ही एका विमानाचं काढून दुसऱ्याला लावत बसलो, आणि रोज संध्याकाळी रजिस्टरमध्ये लिहायचं, 'भाग प्रतीक्षेत'.

इतिहासप्रेमी, तुमचं 'जमिनीवरच खलास': ३१ ऑगस्टपर्यंत लढाऊ तुकड्या मोठ्या विमानतळांवरून उचलून शेतांवर, कुरणांवर पांगवल्या होत्या. बाँब पडले ते बहुतेक शिकाऊ आणि नादुरुस्त विमानांवर. आघाडीवर सुमारे १३० पी-११ आणि ३० पी-७ होती. त्या पहिल्याच दिवशी वॉर्सावर पामुवा नावाच्या लेफ्टनंट कर्नलने शेवटी आपलं विमानच मेसरश्मिटवर घातलं आणि पॅराशूटने उतरला. १७ तारखेला पूर्वेकडून रशियन शिरले, मग उरलेल्यांना रोमानियाला जायचा हुकूम झाला. ३६ पी-११ तिकडे पोचली.

विस्तुलाकाठची

आप्पा, मजा आली वाचून. मी क्राकोवला राहते, मूळची साताऱ्याची. इथे कोणी पी-११ म्हणत नाही, 'येदेनास्त्का' म्हणतात, म्हणजे अकरावी. आपण दहावी-बारावी म्हणतो तसं.

जगात उरलेलं एकुलतं एक पी-११सी आमच्या घरापासून ट्रामने वीस मिनिटांवर, विमान संग्रहालयात आहे. क्रमांक ८.६३. जर्मनांनी ते लुटून बर्लिनच्या संग्रहालयात ठेवलं होतं, म्हणूनच वाचलं. मुलाला घेऊन गेले होते. फोटोत दिसतं त्यापेक्षा बरंच लहान आहे. त्या सरी आडव्या उजेडात अगदी स्पष्ट दिसतात, कॉर्डुरॉयच्या कापडासारख्या. मुलगा म्हणाला, "आई, याला इस्त्री केली नाही का?" साचेवाले दादा, तुम्ही एकटे नाही.

आणखी एक. मुंबईहून परत येते तेव्हा माझं विमान बालित्सेला उतरतं. क्राकोवचा आजचा विमानतळ. १ सप्टेंबर १९३९ ला तिथे नुसतं मैदान होतं, आणि आप्पा म्हणतात त्याप्रमाणे क्राकोवच्या तुकड्या तिथे हलवलेल्या. सकाळी कॅप्टन मेद्वेत्स्की आणि त्यांचा जोडीदार व्वादिस्वाव ग्निश यांनी उड्डाण केलं. पुरेशी उंचीही मिळाली नव्हती, तेवढ्यात बाँब टाकून परतणाऱ्या स्टुका, म्हणजे जर्मन बाँबफेकी विमानं, समोर आल्या. त्यातल्या फ्रांक नॉयबर्ट या जर्मन पायलटने मेद्वेत्स्कींना पाडलं. दुसऱ्या महायुद्धात विमानाने विमान पाडल्याची ही पहिली घटना मानतात. ग्निश कसाबसा निसटला, वर चढला, आणि थोड्या वेळाने त्याला दोन डॉर्निअर, म्हणजे जर्मन बाँबर, सापडली. दोन्ही ओल्कुशजवळच्या झुरादा गावात पडली. पोलंडचे ते पहिले दोन विजय.

ग्निश पुढे फ्रान्समध्ये लढला, ब्रिटिश हवाई दलात लढला, शेवटी कॅनडात स्थायिक झाला. १९८९ मध्ये तो आणि नॉयबर्ट एकमेकांना भेटले. पन्नास वर्षांनी, दोघं म्हातारे.

इतिहासप्रेमी

बरं, जमिनीवरचं मागे घेतो. 'जुनाट' मात्र ठेवतो.

फिटर आप्पा

ठेवा. जुनं होतंच.

साचेवाला

काका, ताई, लई आभार. आजी सांगायची की कॅम्पातल्या बायका १७ सप्टेंबर ही तारीख काढून रडायच्या. मला वाटायचं युद्ध १ तारखेला सुरू झालं, मग १७ कुठून? आज कळलं. त्या पूर्वेकडच्या. रशियन आले, घरातून उचलून सायबेरियाला नेलं, तिथून इराणमार्गे वळिवडे.

आता पंखाचं काय करू? उजव्यावर सरी, डावा टकला. दुसरं किट घ्यायचं तर बायको मलाच घासेल.

फिटर आप्पा

किटच्या चौकटीची उरलेली प्लॅस्टिकची काडी मेणबत्तीवर धर, मऊ झाली की दोन्हीकडून ओढ. केसासारखा धागा निघतो. उजव्या पंखावरचं अंतर मोजून डाव्यावर एकेक चिकटव. साठ-सत्तर लागतील. दोन रविवार. घाई केलीस तर तिसराही जाईल.

रंग वरून खाकी, खालून फिकट निळा. आणि पोलिश हवाई दलाची लाल-पांढऱ्या चौकटींची खूण वरच्या बाजूला दोन्ही पंखांवर सारख्या अंतरावर येणार नाही, एक आत आणि एक बाहेर दिसेल. तशीच असते ती. सरळ करायला जाऊ नकोस.