जी२९ व्हील + असेटो कोर्सा (रेसिंग गेम): सरळ रस्त्यावर व्हील थरथरतं, वळणात काही सांगत नाही. एफएफबीत (फोर्स फीडबॅक, म्हणजे व्हीलची मोटर हाताला देते तो जोर) काय बदलू?

चौथागिअर
लॉजिटेक जी२९, पीसी. गेन (एकूण जोर) १००, मिनिमम फोर्स (सगळ्यात कमी जोर) २५, फिल्टर ०. कर्ब (ट्रॅकच्या कडेचे उंचवटे), रोड, स्लिप (टायर घसरणं) इफेक्ट तिन्ही ४०. मोन्झा ट्रॅकच्या सरळ रस्त्यावर व्हील डावी-उजवीकडे थरथरतं आणि हात सोडले की झोके वाढत जातात. उलट तिथल्या पाराबोलिका वळणात जीटी३ रेसिंग गाडीचं व्हील आत शिरल्यापासून बाहेर पडेपर्यंत एकाच वजनाचं लागतं. पुढची चाकं घसरायला लागली हे हाताला कळतच नाही, गाडी बाहेर गेल्यावर कळतं. गेन कमी पडतोय की मिनिमम फोर्स?

ट्रेलब्रेक
दोन्ही जास्त झालेत.

पाराबोलिकातलं दुखणं क्लिपिंगचं (मर्यादेवरचा जोर कापला जाण्याचं) आहे. जी२९ची मोटर दोन न्यूटन-मीटरच्या जरा वर जोर देते, त्यापुढे गेमने कितीही मागितला तरी तेवढाच मिळतो. समजा वळणात शिरताना सिग्नल ११० टक्के, मध्यावर १४०, आणि पुढच्या टायरची पकड सुटायला लागली तसा १०५. हाताला तिन्ही वेळा १००च लागणार. पकड सुटल्याची खबर १४० वरून १०५ वर उतरण्यात होती, नेमकी तीच कापली गेली.

गेममध्ये पेडल्स अ‍ॅप उघडा. पेडलच्या पट्ट्यांशेजारी एफएफबीची राखाडी पट्टी दिसेल, क्लिप झाली की ती लाल होते. पाराबोलिकासारख्या लांब, वेगवान वळणात ती सतत लाल राहत असेल तर न्यूमपॅडवरच्या वजाच्या बटणाने गेन उतरवा. हा गेन त्या गाडीपुरता असतो आणि गेम तो लक्षात ठेवतो. प्रत्येक गाडीला वेगळा लावावाच लागतो, कारण डाउनफोर्सवाली (हवेच्या दाबाने रस्त्यावर दाबली जाणारी) जीटी३ आणि साधी एमएक्स-५ यांच्या स्टिअरिंगच्या वजनात खूप फरक आहे. कर्बवर क्षणभर लाल चमकलं तर चमकू द्या. तेवढं घालवायला गेन उतरवत बसलात तर उरलेला लॅपभर व्हील मेल्यासारखं लागेल.

इफेक्टही खाली आणा: स्लिप ०, कर्ब आणि रोड १०च्या आत. ही वरून चिकटवलेली कंपनं आहेत. मोन्झाचा ट्रॅक लेझर-स्कॅन केलेला आहे, त्याचे खरे उंचवटे सस्पेन्शनमधून हातापर्यंत येतातच. तुमच्याकडे जोर आधीच अपुरा, त्यातला वाटा कंपनांना कशाला द्यायचा?

रॅकपिनियन
थरथरीबद्दल. गिअरवाल्या व्हीलमध्ये अगदी बारीक सिग्नल घर्षणातच मरतो, मोटर हलतच नाही. म्हणून मध्याजवळ हात सैल लागतो. मिनिमम फोर्स काय करतो, तर सगळ्यात छोट्या सिग्नललाही त्या घर्षणाच्या वर उचलतो. पण तो घर्षणापेक्षा जास्त झाला की मध्याच्या डाव्या बाजूला एकदम उजवीकडे धक्का, उजव्या बाजूला एकदम डावीकडे. व्हील मध्य ओलांडतं, परत फेकलं जातं, पुन्हा ओलांडतं. तुमचे झोके हेच.

०पासून सुरू करून २-२ ने वाढवा. सरळ रस्त्यावर ताशी १५० किमीच्या आसपास हलक्या हाताने धरा. मध्याजवळचा सैलपणा गेला पण थरथर सुरू झाली नाही, तिथे थांबा. २५ नक्कीच जास्त आहे.

याहून चांगला उपाय एलयूटी (लुकअप टेबल, म्हणजे कोणत्या सिग्नलला किती जोर द्यायचा याची फाइल). व्हीलचेक नावाचं छोटं प्रोग्रॅम मोटरला पायरीपायरीने जोर देऊन व्हील प्रत्यक्षात किती फिरलं ते नोंदवतं. त्या नोंदीवरून एलयूटी जनरेटर वक्ररेषेची फाइल बनवतो. चाचणी चालू असताना व्हीलला हात लावायचा नाही आणि क्लँप घट्ट हवा. टेबल हललं तर नोंद चुकते. जी हबमधली (लॉजिटेकचं सॉफ्टवेअर) एफएफबीची ताकद चाचणीला जी होती तीच खेळतानाही ठेवा, नाहीतर फाइल निरुपयोगी. मग कंटेंट मॅनेजरमध्ये (असेटो कोर्साचा वेगळा लाँचर) एफएफबी पोस्ट-प्रोसेसिंग चालू करून ती निवडा.

जी हबमध्ये सेंटरिंग स्प्रिंग (व्हील मध्यावर ओढणारी सेटिंग) बंद आहे ना? ती गाडीशी काही संबंध नसलेला जोर मिसळते. आणि व्हील ९० अंश फिरवून बघा, पडद्यावरचंही ९०च फिरलं पाहिजे.

चौथागिअर
एलयूटी लावल्यावर मिनिमम फोर्स किती ठेवायचा? गेन आधी लावू की नंतर?

रॅकपिनियन
मिनिमम फोर्स शून्य. घर्षणाची भरपाई फाइलमध्ये झालेलीच असते, वर अजून दिलीत तर तोच भाग दोनदा उचलला जाईल आणि थरथर परत. गेन सगळ्यात शेवटी.

स्टिंट४५
पुढेमागे कुणी डायरेक्ट ड्राइव्ह (रिम थेट मोटरला जोडलेलं व्हील) घेतलं तर हे आकडे तसेच उचलू नका. तिथे गिअर नाहीत, मिनिमम फोर्स ०, एलयूटी नको. हात सोडल्यावर झोके तिथेही येतात, पण कारण वेगळं: अडवणारं घर्षणच नसतं. त्यावर व्हीलच्या सॉफ्टवेअरमधला डँपर (फिरण्याला होणारा अडथळा) थोडा वाढवा. जास्त केलात तर मागची बाजू सुटल्यावर व्हील पटकन उलट फिरणार नाही. आणि ५ न्यूटन-मीटरच्या व्हीललाही अंगठे स्पोकच्या आत अडकवून धरू नका. गाडी भिंतीवर आदळताना रिम झटक्यात फिरते.