'काढून टाकलं' की 'यादीतून कमी केलं'?

नमस्कार मंडळी, एका शब्दावर अडलोय. धाकटा भाऊ बेळगावात टिळकवाडीत फोटोग्राफी करतो, कपिलेश्वर तलावावरच्या विसर्जनाचे त्याचे फोटो कुणीतरी न विचारता आपल्या वेबसाइटवर टाकले, कोपऱ्यातलं त्याचं नाव कापून. मग त्याने सर्चवाल्या कंपनीचा कॉपीराइटचा फॉर्म भरला, एकेका फोटोची लिंक टाकत बसला, शेवटी सही म्हणून नाव टाईप केलं. काही दिवसांनी मेल आला, हा खूश, 'काढून टाकलं त्यांनी' म्हणून आईलाही सांगून झालं, आणि रात्री जुनी लिंक दाबतो तर पान तसंच उघडतंय की! फसवलं म्हणून दोन दिवस धड जेवला नाही. फसवलं नव्हतं कुणी, पान फक्त सर्चमध्ये दिसायचं बंद झालं होतं. ह्या दोन गोष्टींना मराठीत वेगळे शब्द नकोत का?

—

दादा, शब्द आहे की. लेकीचं लग्न झालं की रेशन कार्डावरचं नाव आपण 'कमी करतो', उताऱ्यावरचं नाव पण 'कमी करतात'. माणूस असतो, यादीत नसतो. सर्चचं नेमकं तेच, म्हणून 'सर्चमधून कमी केलं' म्हणा. 'काढून टाकलं' कधी, तर साइटवाल्याने नाहीतर ज्यांच्या सर्व्हरवर साइट आहे त्यांनी फोटोच उडवला तर.

—

खानापूरहून लिहितेय, शाळेत कन्नड शिकलेली. 'काढून टाक'ला कन्नडात 'तेगेदुहाकु', तेगेदु म्हणजे काढून आणि हाकु म्हणजे टाक, जोडणी अगदी आपलीच. पण फोन कन्नडात ठेवला तर डिलीटच्या जागी 'अळिसि' येतं, म्हणजे पुसा. आणि कॉपीराइटला ते 'हक्कुस्वाम्य' म्हणतात, आपण 'स्वामित्वहक्क', तेच दोन तुकडे उलटसुलट! मला मात्र 'प्रताधिकार' जास्त पटतो, प्रत काढायचा अधिकार, ऐकताच कळतं. स्वामित्वहक्क म्हटलं की जमिनीचा वाद वाटतो.

—

ताई, प्रताधिकारला माझंही मत. पण कायद्यात अजून एक तिसरीच गोष्ट आहे. आपला कायदा १९५७ चा, त्यात २०१२ ला दुरुस्ती झाली, कलम ५२ प्रमाणे लिंक किंवा वाट देणाऱ्या मधल्या कंपनीकडे लेखी तक्रार गेली की त्यांनी २१ दिवस ती वाट बंद ठेवायची, तेवढ्यात तक्रारदाराने कोर्टाचा आदेश आणला नाही तर ते पुन्हा चालू करू शकतात. हे ना काढणं ना कमी करणं, हे 'रोखून धरणं', स्टे मिळाल्यासारखं. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए ह्या कॉपीराइट कायद्यात समोरचा उलट नोटीस देऊ शकतो, मग तक्रारदार कोर्टात गेला नाही तर १० ते १४ कामाच्या दिवसांत मजकूर परत येतो. म्हणून टेकडाउनला, म्हणजे तक्रारीवरून मजकूर दिसेनासा करण्याला, सरसकट 'काढून टाकणे' लिहिणाऱ्यांवर माझा खरंच राग आहे, वाचणाऱ्याला वाटतं विषय संपला, आणि तो पुढची तारीख चुकवतो.

—

सगळ्यांचे आभार. भावाला हे सगळं वाचून दाखवलं. तो म्हणाला, 'म्हणजे कमी झालंय, गेलं नाही.' आत्ता शेजारी बसून होस्टिंगवाल्यांना, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर ती साइट आहे त्यांना, मेल लिहितोय, ओरिजिनल फाइली तारखेसकट जोडून.