स्टाइनबेक यांच्या लेखनातले अमेरिकन स्वप्न: हुकलेले की नासलेले?

प्रश्न

जॉन स्टाइनबेक यांच्या 'ऑफ माइस अँड मेन' (१९३७) आणि 'द विंटर ऑफ अवर डिस्कंटेंट' (१९६१) या कादंबऱ्या मी नुकत्याच लागोपाठ वाचल्या. पहिलीत जॉर्ज आणि लेनी या दोन शेतमजुरांना स्वतःच्या मालकीचा जमिनीचा तुकडा हवा आहे. एक हात गमावलेला म्हातारा कँडी आपले साडेतीनशे डॉलर त्यात घालायला तयार होतो, तेव्हा सहाशे डॉलरची ती जागा आता मिळणारच असे क्षणभर आपल्यालाही वाटते, आणि मग सगळे हातचे जाते. दुसरीत एकेकाळी आपल्याच घराण्याच्या असलेल्या दुकानात नोकरी करणाऱ्या ईथन हॉलीला हवे ते मिळते, पण मिळवता मिळवता तो आतून पोखरला जातो. या चोवीस वर्षांत अमेरिकन स्वप्नाविषयी, म्हणजे कष्ट केले की कुणालाही वर येता येते या विश्वासाविषयी, लेखकाचे मत बदलले, की देशच बदलला?

पहिला प्रतिसाद

माझ्या मते देश बदलला आणि त्याबरोबर लेखकाला पडणारा प्रश्नही बदलला. १९३६ मध्ये स्टाइनबेक यांनी कॅलिफोर्नियातल्या स्थलांतरित मजुरांच्या वस्त्या स्वतः हिंडून पाहिल्या आणि त्यांवर वृत्तपत्रात लेखमाला लिहिली; त्यातूनच पुढे 'द ग्रेप्स ऑफ राथ' (१९३९) उभी राहिली. तिथे स्वप्न खोटे नाही, ते कुणीतरी अडवून धरले आहे. कामाच्या शोधात कॅलिफोर्नियाला निघालेल्या, 'जोड' आडनावाच्या कुटुंबाला वाटेत भेटलेला एक फाटका माणूस हिशेब समजावतो तो प्रसंग पुन्हा वाचा: मालकाला हवी असतात आठशे माणसे, तो जाहिराती छापतो पाच हजार, आणि त्या वाचतात वीस हजार लोक, म्हणजे मजुरी आपोआप पडते. तरीही त्याच कादंबरीत सरकारी छावणीतले लोक आपला कारभार आपण चालवतात, आणि ते लिहिताना लेखकाचा विश्वास लपत नाही. १९५९ मध्ये मात्र अमेरिकन राजकारणी ॲडलाय स्टीव्हन्सन यांना लिहिलेल्या पत्रात, एखादे राष्ट्र मोडायचे तर त्याला गरजेपेक्षा जास्त द्यावे, अशा आशयाचे ते लिहितात. ज्याने उपासमार इतक्या जवळून पाहिली त्यालाच सुबत्तेची भीती वाटावी, हे मला फार अस्वस्थ करते.

दुसरा प्रतिसाद

वरील मांडणी मला पटते, पण शंका आधीपासूनच होती, हे सांगायला हवे. 'ग्रेप्स ऑफ राथ'मध्येच एका प्रकरणात स्टाइनबेक सांगतात की कॅलिफोर्नियाची जमीन मेक्सिकन लोकांची होती आणि भुकेल्या अमेरिकनांनी ती बळकावली. आज जे मालक म्हणून निर्वासितांना हाकलतात, ते त्या बळकावणाऱ्यांचेच वारस. त्याच सुमारास लिहिलेल्या 'द लीडर ऑफ द पीपल' या कथेतला आजोबा एकेकाळी गाड्यांचा तांडा घेऊन पश्चिमेकडे आलेला आहे. समुद्र लागला आणि पुढे जायची वाटच संपली, ही त्याची खंत आहे, आणि घरात नातवाशिवाय कुणालाही त्याच्या गोष्टी ऐकायच्या नाहीत.

दोन कादंबऱ्यांमधला पूल मात्र 'ईस्ट ऑफ ईडन' (१९५२) हाच आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात घेवड्याचे भाव चढतात, त्या व्यवहारात कॅल पंधरा हजार डॉलर कमावतो आणि ते मोठ्या आशेने वडिलांपुढे ठेवतो. तरुणांना युद्धावर पाठवणाऱ्या कागदांवर सह्या करणारा बाप ते पैसे घेत नाही. इथे स्वप्न पुरे झाले आहे, नोटा समोर आहेत, तरी ज्याच्यासाठी कमावले त्याला ते नकोत.

प्रश्नकर्तीचे उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. पंधरा हजारांचा तो प्रसंग मी केवळ बाप-लेकाच्या नात्यातला म्हणून वाचला होता. आता तो पुन्हा वाचावा लागेल. तरीही एक फरक मला मोठा वाटतो. 'ऑफ माइस अँड मेन'च्या शेवटी नदीकाठी जॉर्ज लेनीला पलीकडे पाहायला लावतो आणि गोळी झाडण्यापूर्वी त्या जमिनीची, सशांची गोष्ट शेवटची सांगतो. जमीन मिळणार नाही हे त्याला ठाऊक आहे, पण त्या गोष्टीची त्याला लाज वाटत नाही. ईथनच्या मुलाने मात्र अमेरिकेवरील प्रेमाबद्दलचा निबंध जुन्या पुढाऱ्यांच्या भाषणांतून उचलून बक्षीस मिळवलेले असते आणि पकडला गेल्यावर तो सांगतो की असे सगळेच करतात. ते उत्तर ऐकणाऱ्या ईथनने स्वतः मालकाविरुद्ध चहाडी केलेली आहे आणि मित्राला मरणाच्या वाटेवर सोडलेले आहे, त्यामुळे मुलाला काय सुनवावे, हे त्याच्यापाशी उरलेलेच नाही.