सुनीता विल्यम्सना परत कोणी आणलं? वादविवादासाठी मुद्दे हवेत

गुहागरकर_सर:
चिपळूणच्या वादविवाद स्पर्धेचा विषय आहे, 'खासगी अंतराळयानाचं यश सरकारचं, अपयश कंपनीचं'. मुलांचे दोन गट पडलेत. एकाच्या मते अंतराळ स्थानकात अडकलेल्या सुनीताताईंना ट्रम्प यांनी सोडवलं, दुसऱ्याच्या मते बायडन यांनीच सोय केली होती. तारखांसह मुद्दे द्या.

देवगड_हापूस:
सर, उड्डाणाची नाही, कराराची तारीख बघायला सांगा. भूमिपूजन एकाचं, फीत कापणार दुसरा, हे मुंबई-गोवा महामार्गवाल्यांना काय सांगायचं! अंतराळ स्थानकात माल पोचवायचं काम कंपन्यांना द्यायला सुरुवात झाली 2006 मध्ये, बुश यांच्या काळात. माणसं नेण्याचे करार सप्टेंबर 2014 चे, म्हणजे ओबामांचे: बोइंगला 4.2 अब्ज डॉलर, स्पेसएक्सला 2.6 अब्ज. 30 मे 2020 ला अंतराळवीर उडाले तेव्हा फ्लोरिडात हजर होते ट्रम्प. मधल्या काळात अमेरिकेच्या संसदेने नासाने मागितल्यापेक्षा कमी पैसे दिल्याने काम लांबलं. ते खापर मात्र कोणीच डोक्यावर घेत नाही.

आता सुनीताताईंचं. त्यांना घेऊन बोइंगचं स्टारलायनर यान सुटलं 5 जून 2024 ला. ते रिकामं परत आणायचा निर्णय नासाने 24 ऑगस्टला जाहीर केला. 28 सप्टेंबरला स्पेसएक्सचं क्रू-9 यान त्यांच्यासाठी नि त्यांच्या सहकाऱ्यासाठी दोन जागा मोकळ्या ठेवून गेलं, म्हणजे अमेरिकेतल्या निवडणुकीच्या आधीच परतीचं यान वर लागलेलं होतं. त्यांची जागा घेणाऱ्या पुढच्या तुकडीचं नवं यान तयार नव्हतं म्हणून परतणं मार्चअखेरीस ढकललं गेलं. फेब्रुवारी 2025 मध्ये त्या तुकडीसाठी जुनं यान वापरायचं ठरलं नि आपल्याकडच्या 19 मार्चच्या पहाटे सुनीताताई नि त्यांचे सहकारी उतरले. ट्रम्पना श्रेय द्यायचंच तर फार तर या एक-दोन आठवड्यांचं.

खाडीकाठ_मालवण:
स्टारलायनरचा बिघाड नेमका काय, तेही मुलांना कळू दे. दिशा वळवणाऱ्या 28 लहान थ्रस्टरपैकी (छोट्या इंजिनांपैकी) पाच बंद पडले, हेलियम गळत होता. थ्रस्टर ज्या बंदिस्त खोक्यात बसवलेत तिथे उष्णता साठते. त्याने व्हॉल्व्हमधलं टेफ्लॉनचं सील फुगतं आणि ऑक्सिडायझरची (इंधन जाळायला लागणाऱ्या द्रवाची) वाट अरुंद होते. करार ठरावीक रकमेचा, त्यामुळे सुमारे 2 अब्ज डॉलरचा तोटा बोइंगच्याच अंगावर.

पण नासा नामानिराळी राहू शकत नाही. मे 2022 च्या माणसाविना झालेल्या उड्डाणातही थ्रस्टर बंद पडले होते. मुळाशी न जाता पुढच्या उड्डाणाला हिरवा कंदील मिळाला. ही सही अधिकाऱ्यांची, कुठल्या राष्ट्राध्यक्षाची नव्हे.

गुहागरकर_सर:
उत्तम. विरोधी बाजूसाठी एखादा हुकमी मुद्दा?

देवगड_हापूस:
1972 चा आंतरराष्ट्रीय दायित्व करार. रॉकेटचा तुकडा दुसऱ्या देशाच्या जमिनीवर पडून नुकसान झालं, तर भरपाईला तो सोडणारा देश बांधील, चूक सिद्ध झाली नाही तरी. कंपनी खासगी असली म्हणून सुटका नाही. जानेवारी 2025 मध्ये स्पेसएक्सचं स्टारशिप रॉकेट फुटून अवशेष टर्क्स आणि केकॉस बेटांवर पडले, तेच उदाहरण घ्या. कंपनीकडून पैसे वसूल करणं हा त्या देशाचा घरचा मामला.