कोथरूड ते बाणेर रोज आणि रविवारी टेकडी: एमटीबी (डोंगरी सायकल) घेऊ की हायब्रिड?

निवांत_पायडल
नमस्कार मंडळी, सायकल घ्यायचीये आणि डोक्याचा पार भुगा झालाय. कोथरूडहून बाणेरला ऑफिस, एकेरी साधारण ९ किमी, मधे चांदणी चौकाचा चढ आहेच. रविवारी मूड असेल तर वेताळ टेकडीच्या कच्च्या वाटा, कधी एनडीए रोडने खडकवासला, पुढे पानशेतच्या बाजूला. उड्या वगैरे मारायच्या नाहीयेत, वय ३८ आहे आणि गुडघ्यांची एकच जोडी मिळालीये. उंची ५ फूट १०, वजन ८४. बजेट ३० हजार, हेल्मेट-कुलूप-लाइट धरून.

दुकानात गेलो तर त्यांनी पुढे-मागे दोन्हीकडे शॉकअप असलेली, जाड टायरची, २१ गिअरची दाखवली, २० हजाराच्या आतच होती, म्हणाले पुण्याच्या खड्ड्यांना हीच भारी. दिसायला रुबाबदार आहे हे मान्य. मित्र म्हणतो हायब्रिड (रस्त्याची सायकल आणि एमटीबी यांच्या मधली) घे, नाहीतर महिन्याभरात सायकलवर टॉवेल वाळत पडतील. काय करू?

रानवाट
ती डबल शॉकअपवाली आधी डोक्यातून काढा. मागचा शॉक चांगला असलेली सायकल या बजेटमधे नवी मिळतच नाही हो, २० हजारात जे मिळतं ते म्हणजे नुसती स्प्रिंग, पायडल मारलं की सायकल वर-खाली डुलते आणि चांदणी चौकाच्या चढावर तुमचा अर्धा जोर त्या स्प्रिंगला दाबण्यात जातो. शिवाय मागचे जोड वर्षभरात खुळखुळायला लागतात ते वेगळंच.

तुमच्या वापराला फक्त पुढे शॉक असलेली हार्डटेल बघा, २९ इंची चाकं. फोर्कला (पुढचं चाक धरणाऱ्या दुशाखी दांड्याला) लॉकआउट हवाच, म्हणजे डांबरी रस्त्यावर खटका फिरवला की फोर्क दाबला जात नाही. स्वस्तातला स्प्रिंगचा फोर्क एकटाच अडीच किलोच्या आसपास भरतो, त्यामुळे सायकल हलकी असेल अशी अपेक्षा ठेवू नका.

आता खरी गोष्ट. लोक गिअर मोजतात, शॉक दाबून बघतात आणि टायरकडे ढुंकूनही बघत नाहीत, आणि रोजच्या रस्त्यावर एमटीबी जड वाटते ती जास्त करून टायरमुळे. ते २.१ इंची गुठळ्यागुठळ्यांचे टायर डांबरावर घूंऽऽ असा आवाज करत चालतात आणि तुम्हाला मागे खेचतात. २९ च्या चाकाची रिम आणि हायब्रिडच्या ७०० सी मापाच्या चाकाची रिम व्यासाला एकच, ६२२ मिमी. म्हणजे त्याच रिमवर ७००×४० किंवा ४५ (मिमी रुंदी) चा गुळगुळीत टायर बसतो. किंवा मधे सपाट पट्टा आणि कडेला गुठळ्या असा सेमी-स्लिक टाका, टेकडीच्या सुक्या मुरमावर आठ महिने मजेत चालतो. पावसाळ्यात चिखलाला मात्र मूळचेच टायर लावा नाहीतर आपटाल.

साधाच_बरा
मी उलट सांगेन. दहातले नऊ दिवस डांबरावर जाणार, मग एका रविवारसाठी अडीच किलोचा फोर्क रोज का वाहायचा? ३८-४० मिमी टायरची हायब्रिड घ्या, पुढे सरळ कडक फोर्क. वेताळ टेकडीची रुंद वाट, खडकवासल्याच्या आतले कच्चे रस्ते आरामात होतात, फक्त उतारावर दगड असले की उतरून चालायचं. तसंही सकाळी टेकडीवर फिरायला येणाऱ्या काका-काकूंची एवढी गर्दी असते की तिथे वेगाने उतरूच नये.

चेन_ऑइल
वरच्या दोघांचंही बरोबर आहे पण वजन ८४ आणि खड्डे हे विसरू नका. सायकल पसंत करताना मागच्या चाकाचं विचारा, दातेरी चक्रांचा गठ्ठा फ्रीव्हील (आट्यांनी बसणारं) आहे की कॅसेट (खाचांवर सरकवून बसणारी). ७ गिअरवाल्या स्वस्त सायकलींना बहुतेक आट्यांचं फ्रीव्हील असतं, त्यात उजवीकडचं बेअरिंग आत राहतं आणि जड माणूस खड्ड्यात आदळला की अ‍ॅक्सल वाकतो. ८ किंवा ९ ची कॅसेट मिळाली तर शिमानोच्या गिअरसेटमधली सगळ्यात खालची टूर्नी सोडून ऑल्टस-असेरापर्यंत जा, त्याच्यावर या बजेटमधे उडी मारायची गरज नाही. आणि २१ गिअरच्या आकड्याला भुलू नका, त्यातले बरेच एकमेकांच्या जवळपास तेच असतात. चढाला कामाचा आकडा म्हणजे पुढचं सगळ्यात लहान चक्र २२-२४ दातांचं आणि मागचं मोठं ३२-३४ चं, तेवढं असलं की सिंहगडाचा घाटसुद्धा बसून चढता येतो, हळू का होईना.

ब्रेक डिस्कच घ्या, पावसात रिम ओली झाली की व्ही-ब्रेक (रिमवर रबर दाबणारा) आधी नुसता घसरतो मग पकडतो. केबलवाली डिस्क पुरे, घरी एका अ‍ॅलन कीने पॅड जवळ घेता येतात. एकच सांगतो, सर्व्हिसिंगला दिली की समोर उभे राहा. चेनवर स्प्रे मारताना पोरं रोटरवरही (डिस्कच्या चकतीवर) उडवतात, मग ब्रेक लागत नाही आणि वर डुकरासारखा ओरडतो.

निवांत_पायडल
धन्यवाद, बरंच डोक्यात उतरलं. हार्डटेलकडे कल झालाय कारण पानशेतच्या बाजूचे रस्ते पावसाळ्यानंतर कसे होतात ते माहितीये 😅 दोन शंका. फ्रेम १७ इंची घेऊ की १९? दुकानदार म्हणतो स्टॉकमधे १७ आहे, सीट वर करून देतो. आणि टेकडीवर काटे फार, त्याचं काय करता?

रानवाट
सीट वर केल्याने फक्त पायांचा प्रश्न सुटतो, हँडल जवळच राहतं, मग पाठ वाकडी आणि मनगटं दुखतात. ५-१० उंचीला साधारण १८-१९ किंवा एल साइज. दोन पाय जमिनीवर ठेवून सायकलच्या वर उभे राहा, वरच्या नळीपासून दोन-तीन बोटं मोकळी राहिली पाहिजेत, मग दुकानाबाहेर एक चक्कर मारा. चक्कर मारू देत नसतील तर दुसरं दुकान. स्टॉकमधे काय आहे ही त्यांची अडचण, तुमची नाही.

काट्यांचं म्हणाल तर बाभळीचा काटा टायरमधे मोडून टोक आत राहतं. नवी ट्यूब टाकायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवायचं, हळू, टोचतंच. टोक लागलं की बाहेरून दाबून पक्कडीने ओढा, नाहीतर फाटकापर्यंत पोचायच्या आधी दुसरी ट्यूब पण बसते. टायर आणि ट्यूबच्या मधे लायनर पट्टी टाकली तर बऱ्यापैकी फरक पडतो. हवा मूळच्या टायरला शहरात ४५-५० पीएसआय, टेकडीवर ३०-३५, तुमच्या वजनाला त्याच्या खाली नको, ट्यूब रिमला चिमटते.

चेन_ऑइल
+१. व्हॉल्व मोटारसायकलवाला आहे ना तेवढं बघा, म्हणजे कुठल्याही पंक्चरवाल्याकडे हवा मारता येते. आणि ऑफिसला बॅग कॅरिअरवर न्यायची असेल तर फ्रेमला मागे बोल्टची भोकं हवीत. काही सायकलींना मागचा डिस्कचा कॅलिपर (पॅड दाबणारा भाग) मधे येतो, साधं कॅरिअर बसत नाही, घ्यायच्या आधीच लावून बघा.