बहिऱ्या मुलांच्या मेंदूतला ऐकण्याचा भाग नुसताच पडून राहतो का?

प्रश्न: भाची जन्मापासून कर्णबधिर आहे, साइन लँग्वेज भराभर उचलतेय. बाजूने कोणी जरा हललं की आमच्याआधी तिची मान वळते. मग मेंदूत आवाजासाठी असलेला भाग वाया जातो का? आणि खुणांनी खरी भाषा तयार होते ना, आजी फार काळजीत आहे.

उत्तर: वाया नाही जात ताई. २००१ मध्ये अमेरिकेत एफएमआरआय (मेंदूचा कुठला भाग काम करतोय ते दाखवणारं स्कॅन) करून बघितलंय, बहिऱ्या लोकांना स्क्रीनवर नुसते हलणारे ठिपके दाखवले तरी ऐकण्याचा भाग जागा होतो, जास्त करून उजवीकडचा. ऐकू येणाऱ्यांत तसं नाही दिसलं.

उत्तर: मान वळण्याचं म्हणाल तर ते बहिरेपणामुळे, खुणांमुळे नाही. बहिऱ्या आईवडिलांची ऐकू येणारी मुलं तान्ही असल्यापासून खुणा करतात, पण कडेचं लक्ष त्यांचं आपल्यासारखंच असतं.

उत्तर: आजींना हे सांगाच. कॅलिफोर्नियाच्या साल्क इन्स्टिट्यूटमध्ये खुणांच्या भाषेच्या संशोधक उर्सुला बेलुगी वगैरेंनी स्ट्रोक झालेले बहिरे पेशंट तपासले, डाव्या मेंदूला मार बसलेल्यांचे हात चालायचे पण खुणांची भाषाच कोलमडायची, आणि उजव्या बाजूचा स्ट्रोक असलेले चित्र काढताना डावी बाजू सोडून द्यायचे तरी खुणा मात्र अस्खलित, म्हणजे बोलीसारखीच डाव्या मेंदूतली पक्की भाषा आहे ही!

प्रश्नकर्ती: खूप बरं वाटलं. आम्ही मोठ्यांनी कुठून शिकायचं?

उत्तर: दिल्लीच्या आयएसएलआरटीसी या भारतीय साइन लँग्वेजच्या सरकारी संस्थेची १०,००० शब्दांची डिक्शनरी ऑनलाइन फुकट आहे, आजपासूनच लागा, आजींनाही बसवा सोबत.