इंका ट्रेलची परमिटं संपली. सालकांताय, लारेस की चोकेकिराओ? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पेरूला जातोय. विमानाची तिकिटं काढून झाली, रजाही मंजूर झाल्या, आणि आता एजंट सांगतोय की आमच्या तारखांना, माचू पिचू या जुन्या इंका शहरात पायी नेणाऱ्या चार दिवसांच्या इंका ट्रेलवर एकही जागा नाही. दिवसाला ५०० माणसं सोडतात, तीही गाइड, स्वयंपाकी, पोर्टर धरून. ट्रेकर्सच्या वाट्याला दोनेकशे जागा येतात आणि जून म्हणजे ऐन कोरडा मोसम. तारखा हलवणं शक्य नाही.

जाणारे तिघं: मी, बायको आणि तिचे मामा. मामांची साठी उलटलीय. दम आमच्यापेक्षा जास्त, पण उतारावर उजवा गुडघा कुरकुरतो. बायकोची एकच अट आहे, माचू पिचूत बसने शिरायचं नाही, वरून सूर्यद्वारातून, म्हणजे डोंगरावरच्या जुन्या इंका दरवाजातून, चालत उतरायचं. मला बर्फाचे डोंगर जवळून बघायचेत. थोडक्यात, तिघांची तोंडं तीन दिशांना.

एजंट सालकांताय घ्या म्हणून मागे लागलाय. मी लारेस आणि चोकेकिराओबद्दलही वाचलं, पण जो तो आपलाच ट्रेक भारी म्हणतो. यातलं काय निवडावं? आणि परमिट रद्द होऊन जागा निघण्याची वाट बघण्यात काही अर्थ आहे का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

– वाटसरू_७

---

रानवाट:
शेवटच्या प्रश्नाचं आधी. वाट बघू नका. परमिट पासपोर्ट नंबरवर निघतं, नाव बदलता येत नाही. कोणी गळलं तर त्याची जागा तुम्हाला मिळेल असा हिशेब धरू नका.

चोकेकिराओ मामांसाठी बाद. कापुलियोकपासून आपुरिमाक नदीच्या पात्रापर्यंत साधारण १४०० मीटर सरळ खाली, मग तेवढंच पलीकडे वर. आणि त्याच वाटेने परत! तिथल्या इंका शहराचे अवशेष मात्र अफाट आहेत. मोठा भाग अजून झाडीखालीच आहे, उतरत्या मजग्यांच्या दगडी भिंतींत पांढऱ्या दगडांचे लामा बसवलेत आणि गर्दी नावालाही नाही. तुम्ही दोघं कधीतरी वेगळे जा.

---

काळा_कातळ:
सालकांताय डोळे झाकून घ्या. परमिटचा कोटा नाही, सालकांतायचं ६२७१ मीटरचं शिखर अगदी समोर. विषय संपला.

---

भटकभवानी:
काळा_कातळ, विषय संपत नाही हो, गुडघा राहिलाच की.

सालकांतायचा दुसरा दिवस बघा. सोरायपाम्पाहून निघून ४६३० मीटरच्या खिंडीत चढायचं आणि त्याच दिवशी चाउयायपर्यंत उतरायचं, म्हणजे जवळपास १७०० मीटरचा उतार एका दमात. खिंडीपर्यंत घोडा भाड्याने मिळतो, म्हणून लोक म्हणतात ज्येष्ठांना चालेल. पण घोडा चढ वाचवतो, आणि मामांची अडचण उताराची आहे. शिवाय हा ट्रेक सूर्यद्वारातून शिरतच नाही. शेवटी हिद्रोएलेक्त्रिका स्टेशनहून रेल्वे रुळांच्या कडेने आग्वास कालिएंतेस हे माचू पिचूच्या पायथ्याचं गाव गाठायचं आणि दुसऱ्या दिवशी बाकीच्या पर्यटकांसारखं फाटकातून आत. म्हणजे वहिनींची अट मोडली. (खरं तर मूळ इंका ट्रेलही मामांना मानवला नसता. ४२१५ मीटरच्या खिंडीतून पलीकडे दगडी पायऱ्या उतरताना भल्याभल्यांचे पाय लटपटतात.)

तुमच्या एजंटने न सांगितलेली गोष्ट म्हणजे छोटा इंका ट्रेल. त्याचा कोटा वेगळा असतो. ओयांतायतांबो गावाहून आग्वास कालिएंतेसच्या रेल्वेगाडीत बसायचं आणि वाटेत किलोमीटर १०४ या थांब्याला उतरायचं. फलाट वगैरे काही नाही, गाडी थांबते आणि समोर झुलता पूल. तिथून दिवसभर चाल, विन्याय वायनाचे अवशेष, मग सूर्यद्वार. उंची २७०० मीटरच्या फारशी वर जात नाही आणि वाट बहुतेक चढाची आहे, जे मामांच्या पथ्यावर पडेल. पोचायला दुपार होते. पहाटे सूर्यद्वारात पोचणाऱ्यांना बरेचदा नुसतं धुकं दिसतं, त्यापेक्षा दुपार बरी. त्या रात्री आग्वास कालिएंतेसला मुक्काम आणि दुसऱ्या दिवशी माचू पिचू निवांत.

याच्या आधी लारेस जोडा. सुरुवातीला गरम पाण्याची कुंडं, मग केचुआ लोकांची गावं, अल्पाकांचे कळप, दारात बसून विणणाऱ्या बायका. खिंडी ४४०० मीटरच्या वर आहेत, तेव्हा सोपा समजू नका, पण उतार सालकांतायसारखे अंगावर येत नाहीत. सामान खेचरं नेतात. इंका ट्रेलवर जनावरांना बंदी आहे, तिथे सगळं पोर्टरच्या पाठीवर असतं. संपतो ओयांतायतांबोच्या बाजूला, म्हणजे तुमची गाडी तिथूनच.

---

वाटसरू_७:
भटकभवानी, दंडवत घ्या! छोटा ट्रेल एजंटच्या यादीतच नव्हता. आज विचारल्यावर म्हणाला, "मिळेल, पण लवकर सांगा." मग माझ्या बर्फाचं काय? आणि आधी काय पक्कं करू, लारेस की हे?

---

भटकभवानी:
आधी किलोमीटर १०४ चं परमिट. लारेसला कोटा नाही, तो त्या तारखेच्या आधी बसवता येतो, उलटं होत नाही. दुसऱ्या दिवशीचं माचू पिचूचं तिकीटही त्याच वेळी काढा. त्यात सर्किट (आत फिरायचा ठरावीक मार्ग) आणि वेळ ठरलेली असते, आणि हवं ते सर्किट ऐनवेळी मिळत नाही.

बर्फासाठी कुस्को शहराहून उमांताय तलाव. भल्या पहाटे निघून एका दिवसात होतो. सोरायपाम्पापर्यंत गाडी, पुढे चढून तलाव, तो ४२०० मीटर उंचीवर आहे. तलावाच्या वरच हिमनदी दिसते, वाटेत सालकांतायही दिसतो. मात्र उतरल्या उतरल्या जाऊ नका. कुस्कोच ३४०० मीटरवर आहे. विमानतळावरून थेट ओयांतायतांबोला जा, ते २८०० वर आहे. दोन रात्री तिथे काढा, तलाव त्यानंतर.

---

रानवाट:
भटकभवानीशी सहमत. भर एवढीच की डायमॉक्सचं (उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घेतात ते औषध) मामांच्या डॉक्टरांना आत्ताच विचारा, बीपीच्या गोळ्या चालू असतील तर नक्कीच. काठ्यांना रबरी टोपणं लावून न्या, नुसतं लोखंडी टोक इंका ट्रेलवर चालत नाही. आणि तिघांपैकी कोणाचा पासपोर्ट मध्येच नवा होणार असेल तर जुनाही सोबत ठेवा, फाटकावर परमिटवरचाच नंबर बघतात.

---

वाटसरू_७:
बायकोचा पासपोर्ट मे महिन्यात संपतोय! नवा हातात आल्यावरच परमिट काढू की जुन्यावर आत्ताच?

---

रानवाट:
आत्ताच, जुन्यावर. नव्याची वाट बघाल तर हाही कोटा जाईल. एजंटला मात्र आजच कळवून ठेवा.